काडीमोडीपासून हुकूमनाम्यापर्यंत : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात घटस्फोट कायद्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकमेकांना लागून असली तरी त्यांच्या वस्तीचा इतिहास भिन्न आहे. अंबरनाथला शके ९८२ चे शिवमंदिर आहे आणि विसाव्या शतकात काडेपेटीचा व दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिल्यावर तेथे कामगारांची वस्ती वाढली. कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बदलापूर हे अलीकडच्या दशकांत मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांचे गाव झाले. या तिन्ही शहरांच्या आसपास आगरी, कोळी, कुणबी यांची गावे आणि ठाकूर-कातकरींचे पाडे आहेत.

अशा संमिश्र समाजात विवाहविच्छेदाचा प्रसंग आला की सर्वसामान्य माणसासमोर काही ठरावीक प्रश्न उभे राहतात. पंचांसमोर किंवा मुद्रांक कागदावर लिहून दिलेली सोडचिठ्ठी चालते का? अर्ज कोणत्या न्यायालयात करावयाचा? किती काळ वेगळे राहिले म्हणजे घटस्फोट मिळतो? पोटगी व स्त्रीधन यांचे काय? हे प्रश्न आजचे वाटत असले तरी त्यांतील प्रत्येकाला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो उलगडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखासाठी अधिनियम व प्रकाशित न्यायनिर्णय यांचा आधार घेतला असून मांडणी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे.

जातीचा अधिकार आणि न्यायालयाचा अधिकार

धर्मशास्त्रानुसार विवाह हा अविच्छेद्य संस्कार मानला जात असला तरी तो नियम प्रत्यक्षात सर्व समाजाला लागू नव्हता. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत आणि त्यानंतर पाट किंवा मोहतर लावण्याची रूढी होती. आर्थर स्टील यांनी १८२७ मध्ये दख्खन प्रांतातील जातींच्या कायदा व रूढींचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो या व्यवहाराचा महत्त्वाचा पुरावा आहे. ज्या स्त्रियांना शास्त्राने विच्छेद नाकारला, त्यांच्यापेक्षा तथाकथित खालच्या जातींतील स्त्रिया या एका बाबतीत अधिक मोकळ्या होत्या, असे म्हणता येते.

ब्रिटिश न्यायव्यवस्थेने या मोकळिकीला मर्यादा घातली. १८७६ च्या शंभू रघू प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले की, एखादा विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मान्य करणार नाही. म्हणजे पंचांचा निवाडा गावात चालत राहिला, परंतु न्यायालयात तो टिकेनासा झाला. याच काळात रखमाबाईंचा खटला गाजला. पतीने १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांसाठी दावा केला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, मात्र अपिलात तो निर्णय फिरला आणि मार्च १८८७ मध्ये पतीकडे जा अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश झाला. अखेर १८८८ मध्ये पतीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. नांदावयास नकार देण्याचे धैर्य रखमाबाईंजवळ होते. परंतु विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग कायद्यात नव्हता.

मुंबई प्रांताचे कायदे आणि निर्वासितांचा प्रश्न

बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्या प्रतिबंधक आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट अधिनियम संमत केला. पहिल्या कायद्याला दिलेले आव्हान १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी प्रकरणात मुख्य न्यायाधीश छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी फेटाळले. अशा रीतीने उल्हासनगरची वसाहत ज्या वर्षांत आकार घेत होती, त्याच वर्षांत तेथील हिंदू रहिवाशांना न्यायालयातून घटस्फोट मागण्याचा हक्क प्रथमच उपलब्ध झाला होता.

या हक्काचा वापर मात्र सोपा नव्हता. १९४७ च्या कायद्यानुसार चार वर्षांचा परित्याग सिद्ध करावा लागे. बिपीनचंद्र विरुद्ध प्रभावती (१९५६) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ वेगळे राहणे म्हणजे परित्याग नव्हे. सहजीवन कायमचे संपविण्याचा हेतूही सिद्ध झाला पाहिजे. ‘मी चार वर्षे वेगळा राहतो, मग घटस्फोट आपोआप का होत नाही?’ या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या निर्णयात आहे.

हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ रोजी अंमलात आला व मुंबईचे दोन्ही कायदे निरसित झाले. मूळ कलम १९ नुसार जेथे विवाह झाला, जेथे पती-पत्नी राहतात किंवा जेथे ते शेवटचे एकत्र राहिले, तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागे. ज्यांचा विवाह कराची किंवा लारकाना येथे झाला होता, त्यांच्यासाठी यातील पहिला आधार फाळणीने पुसून टाकला होता. उरला तो केवळ निवासाचा आधार. लछमन किरपलानी विरुद्ध मीना (१९६३) हा परित्यागावरील प्रसिद्ध निर्णय अशाच एका सिंधी दांपत्याचा आहे. त्यांचा विवाह १९४६ मध्ये सिंधमधील हैदराबाद येथे झाला आणि खटला मुंबईत चालला.

पत्नी अर्जदार असेल तर ती स्वतः राहते तेथे अर्ज करण्याची सोय २००३ च्या दुरुस्तीनेच झाली. माहेरी परतलेल्या स्त्रीला सासरच्या गावी तारखांसाठी हेलपाटे घालावे लागत, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा दुरुस्तीचे महत्त्व कळते.

सोडचिठ्ठीचा कागद : आजचा धोका

१९५५ च्या अधिनियमाने रूढी पूर्णतः मोडीत काढली नाही. कलम २९(२) ने रूढीने मान्य केलेला विच्छेदाचा हक्क राखून ठेवला. अनुसूचित जमातींना तर केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज हा अधिनियम लागूच होत नाही. त्यामुळे ठाकूर व कातकरी समाजाच्या बाबतीत रूढीचे स्थान वेगळे आहे. याउलट १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या बौद्ध समाजाला कलम २ अन्वये हाच अधिनियम लागू आहे.

परंतु रूढी राखली याचा अर्थ कोणताही कागद चालतो असा नाही. रूढी दीर्घकाळ, सातत्याने व एकसारखी पाळली गेली आहे, हे सांगणाऱ्यानेच सिद्ध करावे लागते. नोटरीसमोर सही केलेला फारकतनामा ही रूढी नव्हे आणि हुकूमनामाही नव्हे. अशा कागदावर विसंबून केलेला दुसरा विवाह शून्य ठरतो आणि त्याची झळ बहुधा स्त्रीलाच बसते. यमुनाबाई आढाव विरुद्ध अनंतराव आढाव (१९८८) या निर्णयानुसार पहिली पत्नी हयात असता विवाह झालेली स्त्री फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली ‘पत्नी’ ठरत नाही. रमेशचंद्र डागा विरुद्ध रामेश्वरी डागा (२००४) या प्रकरणात पत्नीने आपल्या पूर्वीच्या विवाहाच्या विच्छेदासाठी दाखविलेली सोडचिठ्ठी रूढी म्हणून सिद्ध झाली नाही व दुसरा विवाह शून्य ठरला. तरीही न्यायालयाने कलम २५ खालील तिची कायम पोटगी राखली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने शून्य विवाहातही अशी पोटगी देता येते, हे निःसंदिग्ध केले. कलम १६ मुळे अशा विवाहाची अपत्येही औरस मानली जातात.

मुदत, पोटगी व स्त्रीधन

परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद (कलम १३ब) १९७६ च्या दुरुस्तीने आली. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक असून अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. सप्टेंबर २०१७ मधील अमरदीप सिंग निर्णयाने ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी शिथिल करता येते, असे ठरविले. विवाह पूर्णतः मोडला आहे, हे मात्र अद्याप अधिनियमातील स्वतंत्र कारण नाही. विधी आयोगाने १९७८ मध्ये तशी शिफारस केली होती. मे २०२३ च्या निर्णयानुसार तो अधिकार अनुच्छेद १४२ खाली केवळ सर्वोच्च न्यायालयाला आहे.

घटस्फोटानंतर पोटगी थांबते, हा आणखी एक रूढ गैरसमज. १९७३ च्या फौजदारी संहितेने पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचाही ‘पत्नी’ या व्याख्येत समावेश केला. दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) प्रकरणात उभय पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे निर्देश दिले गेले.

स्त्रीधनाच्या संदर्भात सिंधी समाजाचा एक वारसा उल्लेखनीय आहे. हुंड्याला आळा घालणारा ‘देती-लेती’ कायदा सिंध प्रांतात १९३९ मध्येच झाला होता. अखिल भारतीय हुंडाबंदी अधिनियम १९६१ चा आहे. विवाहात मिळालेले दागिने व वस्तू ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता असून ती सासरच्यांकडे केवळ विश्वासाने ठेवलेली असते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी प्रकरणात (१९८५) स्पष्ट केले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विवाहविच्छेदाचा अधिकार दीडशे वर्षांत जातीकडून न्यायालयाकडे गेला. परंतु लोकव्यवहारातील सोडचिठ्ठी त्या वेगाने मागे पडली नाही. दुसरा, स्त्रियांच्या दृष्टीने हे स्थित्यंतर एकमार्गी प्रगतीचे नव्हते. ज्या जातींत काडीमोड सुलभ होती, तेथील स्त्रीला आधी रूढीचा आधार गमवावा लागला आणि कायद्याचा आधार पुष्कळ उशिरा मिळाला. तिसरा, कायद्याने दिलेला प्रत्येक हक्क पुराव्याशी बांधलेला आहे : विवाहाचा, निवासाचा, रूढीचा, उत्पन्नाचा पुरावा. स्थलांतरितांच्या वस्तीत नेमका हाच पुरावा दुर्बल असतो. म्हणून विवाहनोंदणीचा प्रसार आणि तालुका पातळीवरील मोफत विधी साहाय्य यांना या परिसरात विशेष महत्त्व आहे. आपल्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या विद्यार्थिनींना हुकूमनामा आणि मुद्रांक कागद यांतील फरक पदवीपूर्वी कळला, तर इतिहासाच्या अभ्यासाचा तो मोठा उपयोग ठरेल.