थिबाचा राजवाडा आणि सातारकर

सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांच्या सहली रत्नागिरीस गेल्या की रत्नदुर्ग, लोकमान्यांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा ही स्थळे ठरलेली असतात. खाडीचे दृश्य देखणे, त्यामुळे राजवाड्यात छायाचित्रेच अधिक निघतात. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले व पुढील वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. १९१६ मध्ये थिबा येथेच वारला. म्हणजे आपण हौसेने पाहतो तो एका राजाचा बंदिवास! सातारकरांना तरी हे चटकन उमगावे, असे आम्हांस वाटते. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनीच १८३९ मध्ये गादीवरून दूर करून काशीस धाडले होते. रंगो बापूजींची लंडनमधील दीर्घ खटपट व्यर्थ गेली आणि १८४७ मध्ये महाराज काशीतच निवर्तले. आमच्याकडील यात्रेकरू काशीस जातात, घाट पाहतात. महाराज कोठे राहिले, हे क्वचितच कोणी विचारतो.