सुई जाते कोठे?

आमच्या घरी यजमानांच्या मधुमेहापायी रोज दोन सुया निघतात. त्यांवरूनच सुईचा इतिहास पाहावासा वाटला.

१८५३ साली एडिंबरोच्या डॉ. अलेक्झांडर वूड यांनी पोकळ सुईने औषध टोचले. पुढे अनेक वर्षे डॉक्टर काचेची सिरिंज व सुई उकळून पुनःपुन्हा वापरीत. सुई बोथट झाली तर घासून घेत. अशी मोलाची वस्तू केरात कोण टाकील? मात्र उकळण्यात कसूर झाली, की एकाचा रोग दुसऱ्यास जडे.

म्हणून एकदाच वापरावयाची सुई आली. रोगी निर्धास्त झाला. धोका मात्र केर वेचणाऱ्या बाईच्या बोटाशी जाऊन बसला. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या, आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीने अनेकांचे प्राण घेतले.

रुग्णालयांसाठी १९९८ साली नियम झाले. २०१६ च्या नियमांनी घरातील सुयाही घातक कचऱ्यात धरल्या. पण नियम आपल्या मोरीपर्यंत आपणच आणावयाचा.

सुई टोचल्यावर टोपण पुन्हा बसवू नये. त्यातच बोट टोचते. ती लगेच जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत टाकावी. बरणी पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर ‘सुया’ लिहावे, आणि दवाखान्यात वा संकलन केंद्रात विचारून द्यावी. ओल्या-सुक्या केरात कधीही नाही. केर उचलणारी बाईही कोणाची तरी आई आहे.