खान आलमची तलफ

आजची गोष्ट विजापुरात सुरू होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबारात गेला होता. परतताना त्याने तंबाखू आणि एक सुरेख, रत्नजडित चिलीम बादशहासाठी आणली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने अडवलं. आमच्या ग्रंथांत हिचं नाव नाही, मग ही वस्तू घ्यायची कशी, असा त्याचा सवाल. असद बेगने भर दरबारात वाद घातला आणि तो सगळा लिहूनही ठेवला. अकबराने नाद लावून घेतला नाही. सरदारांनी मात्र घेतला.

पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. इराणात शाह अब्बासनेही घातली होती. आणि त्याच शाहाकडे जहांगीरचा वकील म्हणून कोण गेला? खान आलम. या गृहस्थाला तंबाखूवाचून क्षणभर राहवत नसे. दोन-दोन बादशहांची मनाई, आणि गडी ओढतोच आहे! ही हकीकत जहांगीरने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. तलफ हुकुमाने जात नाही, याला याहून वजनदार साक्षीदार कुठून आणायचा?

हे सांगायचं कारण माझ्या खालच्या मजल्यावर आहे. इथे जे. पी. नगरमध्ये निपाणीकडचे एक काका राहतात. मुलगा आयटीत, म्हणून तेही बंगळुरात. त्यांच्या घरी तंबाखूची शेती होती. निपाणीत तंबाखू म्हणजे मुलांच्या शाळेची फी आणि मुलीचं लग्न. याच पिकाच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. काकांना मध्यंतरी हृदयात स्टेंट बसवावी लागली. ते मला म्हणाले, "सर, सोडा म्हणून सगळेच सांगतात. कसं सोडायचं ते कुणी सांगत नाही."

या 'कसं'चा इतिहास अगदी अलीकडचा आहे, आणि त्यातला एक धागा पाण्याखालून येतो. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. मग स्वीडनचे खलाशी तिथे तंबाखू तोंडात धरत आणि त्यावर त्यांचं भागत असे. १९६७ मध्ये लुंड इथल्या दोन संशोधकांनी हे ओव्ह फर्नो या रसायनतज्ज्ञाला कळवलं. म्हणजे शरीर धूर मागत नाही, निकोटीन मागतं. फर्नो तेव्हा लिओ या औषध कंपनीत होता. त्यातून निकोटीनची च्युइंगम निघाली.

ही गम आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळते, पण बहुतेक लोक ती साध्या च्युइंगमसारखी चघळतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून टाकून देतात. ती हळू चावायची. जिभेला झिणझिणल्यासारखं झालं की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायची. झिणझिण गेली की पुन्हा चावायची. निकोटीन तोंडातूनच रक्तात जायला हवं. गिळलं तर पोटात जळजळ, बाकी काही नाही. आणि आधी पंधरा मिनिटं कॉफी नको! आम्हा बंगळूरकरांना हे फार जड जातं. दर्शिनीत उभ्याने फिल्टर कॉफी घ्यायची आणि बाहेर येऊन सिगारेट पेटवायची, ही जोडगोळी इथली. कॉफीच्या आंबटपणामुळे तोंडातून निकोटीन नीट शोषलं जात नाही. म्हणून पहिले काही आठवडे कॉफी घरीच घ्या, टपरीचा रस्ता बदला. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्या, जिना उतरून या. पहिला आठवडा सर्वांत वाईट, नंतर सैल होत जातं. हृदयाचं दुखणं असेल तर मात्र गम असो की गोळ्या, डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांच्या शब्दालाही किंमत आहे बरं का. १९७९ मध्ये लंडनच्या मायकेल रसेलने हे मोजून दाखवलं. ज्यांना काहीच सांगितलं नाही, त्यांच्यातले ०.३ टक्के लोक वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले. डॉक्टरांनी दोन मिनिटं समजावलं, पत्रक दिलं आणि पुन्हा चौकशी करू असं बजावलं, त्यांच्यातले ५.१ टक्के. शंभरात पाच म्हणजे कमी वाटतं, पण दवाखान्यात रोज किती माणसं येतात याचा हिशेब करा. माझ्या मते त्यातली खरी मात्रा 'पुन्हा चौकशी करू' ही आहे. कुणीतरी विचारणार आहे, हे माहीत असलं की माणूस थोडा जास्त टिकतो.

भारतात २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तंबाखूमुक्ती केंद्रं सुरू झाली. त्यांत आमच्या बंगळुरातलं निम्हान्स होतं, मुंबईचं टाटा रुग्णालयही होतं. २०१६ मध्ये दिल्लीहून मोफत दूरध्वनी सेवा आली, १८००-११-२३५६, आणि हा क्रमांक आता पाकिटावरच छापलेला असतो. पण इथेच एक खोच आहे. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. कर्नाटकाने २०१७ मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०२० मध्ये. टपरीवर उभं राहून पाहा, जहांगीरच्या फर्मानाची आठवण होते. तेव्हा क्रमांक आत्ताच लिहून घ्या.

निपाणीच्या आंदोलनावर पुढच्या भागात सविस्तर बोलू.