मिठाला जागणे

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण वर्गात शिकवताना मला हटकून अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याची १९१० सालची गव्हर्नरपदाची निवडणूक आठवते.

वुड्रो विल्सन हा प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष. हाडाचा शिक्षक, निवडणुकीच्या राजकारणात अगदी कोरा. त्याला उभे केले जेम्स स्मिथ या डेमोक्रॅटिक पुढाऱ्याने. न्यूअर्कमधील पक्षयंत्रणा या स्मिथच्या मुठीत होती. विद्वानाचे निष्कलंक नाव पुढे करावे आणि सूत्रे आपल्या हाती ठेवावीत, असा त्याचा हिशेब. पक्षातील सुधारणावाद्यांचा विरोध मोडून, १५ सप्टेंबरला ट्रेंटन येथे त्याने विल्सनला उमेदवारी मिळवून दिली.

सुधारणावादी लोक साशंकच होते. जॉर्ज रेकॉर्ड या रिपब्लिकन सुधारकाने जाहीर पत्रातून एकोणीस प्रश्न टाकले. पक्षोपक्षींच्या दादांची सत्ता मोडणार काय, हे त्यांतले मर्म. विल्सनने लेखी आणि निःसंदिग्ध उत्तरे दिली. ८ नोव्हेंबरला त्याने व्हिव्हियन लुईसला सुमारे ४९,००० मतांनी हरवले.

खरी कसोटी पुढेच होती. त्या काळी सेनेटर निवडीत ते राज्याचे विधिमंडळ. पक्षांतर्गत मतदानात लोकांनी जेम्स मार्टिनला कौल दिला होता; पण तो कायद्याने बंधनकारक नव्हता. स्मिथने ती जागा स्वतःसाठी मागितली. मार्टिनच्या योग्यतेविषयी विल्सनचे मतही फारसे चांगले नव्हते. तरी तो स्मिथच्या घरी गेला, माघार घेण्याविषयी त्याला विनवले आणि तो ऐकेना तेव्हा उघड विरोधात उभा राहिला. जानेवारी १९११ मध्ये मार्टिन निवडून आला. त्याच वर्षी निवडणूक-सुधारणेचे, भ्रष्टाचारप्रतिबंधाचे आणि कामगारांच्या नुकसानभरपाईचे कायदे झाले. १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने सेनेटर निवडण्याचा अधिकार देशभर थेट मतदारांकडे आला.

विल्सनला देव्हाऱ्यात बसवण्याचे मात्र कारण नाही. तोच १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांत काळ्या नोकरांना वेगळे बसवण्याची प्रथा फैलावली. लोकांना दिलेला शब्द त्याने पाळला, पण ‘लोक’ या शब्दाची त्याची कुंपणे आखूड होती.

स्मिथचा संताप मला समजतो. उपकार त्याने केलाच होता. पण त्याने दिली ती उमेदवारी. गव्हर्नरपद दिले ते एकोणीस उत्तरांवर विश्वास टाकणाऱ्या मतदारांनी. मीठ कोणाचे खाल्ले, हे आधी नीट ठरवावे लागते.