देव्हाऱ्यातली शिवराई

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडच्या कितीतरी घरांत देवांबरोबर जुन्या नाण्यांनाही आंघोळ घडते. पळी-पंचपात्रीला चिंच लागली, की त्याच हाताने तांब्याचा जुना पैसाही घासला जातो. पैसा लखलखतो, मनाला बरे वाटते. पण वर्षानुवर्षे असे करताना त्यावरची अक्षरे थोडीथोडी झिजत जातात. वाचकहो, ही अक्षरे काय सांगतात ते पाहू.

हा पैसा पुष्कळदा शिवराई असतो. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई निघाली. शिवराईच्या एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्र पति’. बाजारात फारसी अक्षरांची नाणी खेळत असता ही नागरी अक्षरे उमटली, हे काही लहान काम नव्हे! पुढे गादीवर दुसरे आले, पेशवाई आली आणि 1818 साली बुडाली. तरी तांब्यावरचे नाव तेच राहिले. म्हणून नाव वाचून नाणे महाराजांच्या हयातीतले ठरत नाही. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची कड, ‘शिव’ की ‘सिव’ हे सारे पाहावे लागते. घासून गुळगुळीत झालेल्या पैशावर ते दिसणार कसे?

दूरच्या व्हिएतनामात बादशहांची नाणी साच्यात ओतीत. मध्ये चौकोनी भोक, भोवती बहुधा चार अक्षरे, त्यांत बादशहाच्या कारकिर्दीचे नाव. दहाव्या शतकापासून विसाव्यापर्यंत हा परिपाठ चालला. तिथल्या संग्राहकाला कारकीर्द नाण्यावरच वाचता येते. आपली शिवराई हातोड्याने ठोकलेली. ठसा मोठा, चकती लहान. एकीवर ‘राजा’ नीट उमटला तर ‘श्री’ कडेबाहेर गेलेली. चार-सहा शिवराया शेजारी मांडाव्यात तेव्हा कुठे मजकूर पुरा होतो. संग्रहाचा खरा आनंद तो हाच.

पण अक्षरांइतकेच महत्त्व जागेला असते. कल्याण महाराजांनी 1657 साली घेतले. शेजारचे ठाणे मात्र पोर्तुगीजांकडे होते, ते 1737 साली मराठ्यांनी जिंकले. तेव्हा एकच शिवराई कल्याणच्या वाड्यात मिळणे निराळे आणि ठाण्याच्या शेतात मिळणे निराळे. ठाण्याची शिवराई 1737 नंतरची असू शकेल, किंवा व्यापाऱ्याच्या कसेतून खाडी ओलांडून आधीच आलेली असेल. ‘कुठे सापडली’ हेच ठाऊक नसेल, तर हा प्रश्नही कुणाला पडणार नाही.

नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला! जेत्याने शत्रूचे नाणे वितळवले नाही, त्यावरच आपले नाव उमटवले. दोघांपैकी आधी कोण, मागून कोण, याचा निकाल त्या साठ्याने लावला. तीच नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर चांदी उरली असती, इतिहास गेला असता.

जमिनीत सापडलेला ठेवा कलेक्टरला कळवावा, असा कायदा 1878 पासून आहे. लोकांना वाटते, सरकार धन नेणार. म्हणून साठे गुपचूप फुटतात आणि नाणी नावगाव हरवून बाजारात येतात. घरच्या डब्यातल्या नाण्यांना मात्र कसले भय? तरी त्यांचेही नावगाव आपण हरवतोच.

यंदाच्या दिवाळीत एवढे करा. शिवराईला चिंच लावू नका. मऊ फडक्याने अलगद पुसा. घरातल्या आजीला विचारा: ही कुठल्या गावाहून आली, माहेरची की सासरची? ती सांगेल ते एका चिठ्ठीवर तारखेसह लिहा आणि नाण्याशेजारी ठेवा. काळवंडलेल्या पैशानेही लक्ष्मी रुसत नाही. आजीची आठवण मात्र पुढच्या दिवाळीला मिळेलच असे नाही.