मुडदूस व अस्थिमार्दव : इतिहास

ड जीवनसत्त्वाच्या अभावी अस्थींत कॅल्शियम व फॉस्फरस यांची लवणे पुरेशी साचत नाहीत व त्या मऊ राहतात. हा विकार वाढत्या वयाच्या मुलांत झाल्यास त्यास मुडदूस व प्रौढांत झाल्यास अस्थिमार्दव म्हणतात. मुडदुसात पाय धनुष्याकृती वाकतात व बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात. अस्थिमार्दवात स्त्रीची श्रोणी विरूप होऊन प्रसूती अडते आणि माता व मूल या दोघांच्याही जिवावर बेतते.

फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० मध्ये मुडदुसाचे सविस्तर वर्णन केले. जपानमध्ये काम केलेले वैद्यकीय मिशनरी थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये, देशोदेशींची माहिती जमवून, सूर्यप्रकाशाचा अभाव हे त्याचे कारण सांगितले. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९१९ च्या सुमारास एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्यांच्या पिलांवरील प्रयोगांवरून आहारातील उणिवेकडे बोट दाखविले, तर कुर्ट हुल्टशिन्स्की यांनी बर्लिनमध्ये जंबुपार किरणांनीच रोगी मुले बरी केली. त्यामुळे आहार की प्रकाश, असा वाद उभा राहिला.

या वादात नासिकची साक्ष मोलाची ठरली. एच. एस. हचिसन व एस. जे. शाह यांनी तेथील पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. लख्ख उन्हाच्या या शहरात गोषा पाळणाऱ्या मुसलमान व वरिष्ठ वर्गातील हिंदू घरांत मुडदूस आढळला; घरात डांबलेल्या लहान मुलांना व बालविवाहानंतर पडद्यात गेलेल्या मुलींना तो होई. मजूर बायांची मुले मात्र निकृष्ट आहारावरही बहुधा निरोगी असत, कारण ती आईबरोबर दिवसभर उघड्यावर राहत. आहार न बदलता केवळ ऊन व मोकळी हवा मिळताच रुग्ण सुधारत. दारिद्र्य हेच कारण मानणाऱ्यांना हा चांगलाच धक्का होता. पुढे त्वचेत सूर्यकिरणांनी ड जीवनसत्त्व तयार होते हे कळल्यावर दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर ठरले.

मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने प्रकाशासाठी ६३½ अंशांचा नियम पुरस्कारिला : खिडकीसमोर इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा हवी. जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये त्याचे विवेचन केले. परळ, माझगाव, रे रोड यांसारख्या गिरणी-गोदीच्या भागांतील एका खोलीच्या बिऱ्हाडांना अशा नियमाची निकड होती. तथापि खिडकीतून येणारा उजेड मुडदुसास पुरेसा प्रतिबंध करीत नाही आणि काच तर उपयुक्त किरण बहुतांशी अडविते. अंगावर प्रत्यक्ष ऊनच पडावे लागते. भारतीय शहरांतील सुखवस्तू लोकांतही या जीवनसत्त्वाची उणीव मोठ्या प्रमाणावर आढळली असून, २०१८ च्या अन्न-समृद्धीकरण विनियमांत दूध व खाद्यतेलात ते मिसळण्याची मानके ठरविण्यात आली.