ओळ दिसते, बदलत नाही

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलात आम्ही सोसायट्यांची, दुकानांची सॉफ्टवेअरं सांभाळायचो. फॉक्सप्रो मागे पडत होतं आणि १९९२ सालचं ॲक्सेस सगळीकडे शिरलं होतं. टेबलं सर्व्हरवर, फॉर्म ॲक्सेसमध्ये, मध्ये ओडीबीसी. कंट्रोल पॅनेलमध्ये डीएसएन बनवायचा, सर्व्हरचं नाव नि लॉगिन भरायचं, टेबल लिंक करायचं. मेंटेनन्सची यादी झटकन दिसे, पण रक्कम बदलायला जावं तर खालच्या पट्टीवर ‘रेकॉर्डसेट अपडेटेबल नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ! हिशेबनीस परवानगीच्या नावाने खडे फोडायचे. बहुतेकदा दोष तिथे नसेच. टेबलाला प्रायमरी की नसेल, तर नेमकी कुठली ओळ बदलायची हे ॲक्सेसला कळणार कसं? नुसता फ्लॅट नंबर चालत नाही, तोच नंबर शेजारच्या इमारतीतही असतो. इमारत आणि फ्लॅट नंबर दोन्ही मिळून युनिक इंडेक्स हवा. तो सर्व्हरवर केल्यावर जुनी लिंक काढून टेबल पुन्हा जोडायचं, हे निम्मे लोक विसरत. दशांशाच्या रकान्यांमुळे ‘दुसऱ्याने बदल केलाय’ अशी खोटी तक्रार येई, ती एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाइमस्टँपचा रकाना घातला की थांबे.

आजही ॲक्सेस चालवत असाल, तर लिंक करताना युनिक रेकॉर्ड विचारणारी खिडकी कॅन्सल करू नका.